रुपये शंभर, निमे पन्नास

घराचे खरेदीखत शोधताना गेल्या वर्षी पणजोबांची पत्र्याची पेटी उघडली. चार मोडी कागद निघाले. मी सरकारी नोकर, दिवसभर कागदांतच बसतो. पण घरचा कागद वाचता येईना. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध परिचितांना दाखवले. ते हसून म्हणाले, "अहो, हे खत नाही. हा शाळेतला कित्ता आहे!"

जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धुळपाटीवर अक्षर गिरवी, मग बोरूने कागदावर. लिप्या दोन : पोथीसाठी बाळबोध, व्यवहारासाठी मोडी. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि हात फारसा न उचलता अक्षरे तिला टांगत जायचे. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. (आमच्या पिढीला हे फार सोयीचे झाले असते.) विल्यम कॅरेने १८०५ साली मराठी व्याकरण देवनागरीत छापले, तर १८१० चा कोश मोडीत. पुढे छापखान्यात बाळबोधच स्थिरावली.

अक्षर वळले की लेखनाचे प्रकार. पत्रात वर श्रीकार, मग मायना. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसमान इतरांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यास 'चिरंजीव', सुवासिनीस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी'. मायना चुकला तर मजकूर कितीही चांगला असो, घराण्याची अब्रू जाई. पावतीची तऱ्हा निराळी. तेथे गोडवा नको, पक्केपणा हवा. 'रुपये १००, अक्षरी शंभर, निमे पन्नास' असे लिहायचे, म्हणजे कोणी शून्य वाढवले तर निमे जुळत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला फसवणूक कशी होते हे पावती लिहिता लिहिताच कळत असे. आज आपल्या मुलांना 'माझा आवडता प्राणी' येतो, साधी पोच लिहिता येत नाही.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्यात नेले. सरकारी शाळा आल्या, छापील पुस्तके आली आणि पंतोजींचा कित्ता मागे पडला.

आमच्या चार कागदांपैकी एक पावती पंचाहत्तर रुपयांची आहे. पणजोबांनी निमे 'अडतीस' लिहिले आहे. त्यावर आडवी फुली असून शेजारी दुसऱ्या, वळणदार हाताने 'साडेसदतीस'. तो कागद मी आता काचेत लावला आहे.

खरेदीखत अजून सापडलेले नाही.