नफा झाला, मग रोकड कुठे गेली?

वेल्समधील डाउलेस येथे लोखंडाचा एक मोठा कारखाना होता. १८६३ साली मंदीतून सावरलेल्या या कारखान्याच्या वह्या नफा दाखवीत होत्या. पण नवी झोतभट्टी बांधायची म्हटले, तर हातात पैसा नव्हता! व्यवस्थापकाने निरनिराळ्या काळांतील ताळेबंद ताडून पाहिले, तेव्हा उत्तर मिळाले. पैसा गरजेपेक्षा जास्त मालसाठ्यात अडकून पडला होता. आजच्या रोकड प्रवाह पत्रकाचे मूळ या तुलनात्मक ताळेबंदात शोधले जाते.

हे कोडे आपण एका लहान उदाहरणाने सोडवू. समजा, शाळेच्या ग्राहक भांडाराने २००० रुपये रोख देऊन २० रुपयांची एक अशा १०० वह्या आणल्या. २५ रुपये दराने ६० वह्या विकल्या. त्यांपैकी ४० रोखीने, २० उधारीने. नफा झाला ३०० रुपये. पेटीत मात्र १००० रुपयेच आले, म्हणजे रोकड १००० रुपयांनी घटली. असे का? ३०० रुपये नफ्यातून शिल्लक वह्यांचे ८०० आणि उधारीचे ५०० वजा करा. उत्तर उणे १००० येते. कोडे सुटले!

भांडाराचा हा हिशेब पाटीवर होतो. हजारो नोंदींचे काय? १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून मोजणी केली आणि हीच पद्धत पुढे कचेऱ्यांतील हिशेबात शिरली. १९५१ साली लंडनच्या लायन्स या चहा-बेकरीवाल्या कंपनीने स्वतः बांधलेल्या 'लिओ' संगणकावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू केले. संगणक आता व्यापाराच्या रोजच्या कामाला जुंपला गेला.

तरीही एक अडचण उरली. एका संगणकाने तयार केलेला अहवाल माणसाने वाचायचा आणि त्यातील आकडे दुसऱ्या संगणकात पुन्हा भरायचे! हा दुहेरी खटाटोप टाळण्यासाठी स्वयंचलित साधने आली. त्यांचे काम दुकानातल्या हुशार पोऱ्यासारखे चालते. साधन हिशेबाच्या प्रणालीला विचारते : कोणती संस्था, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता अहवाल? उत्तरादाखल आलेले आकडे ते ठरलेल्या रकान्यांत मांडते. मात्र आकडा केवळ त्याच्या जागेवरून ओळखला, तर एक रकाना सरकताच घोटाळा होतो. म्हणून प्रत्येक आकड्याला अर्थाची चिठ्ठी चिकटवण्याची कल्पना पुढे आली. १९९८ मध्ये अमेरिकेतील हिशेबतज्ज्ञ चार्ल्स हॉफमन यांनी या दिशेने केलेल्या कामातून 'एक्सबीआरएल' ही चिठ्ठ्यांची भाषा घडली. भारतातही २०११ पासून ठरावीक कंपन्यांना आपली वित्तीय पत्रके याच भाषेत सरकारकडे सादर करावी लागू लागली.

मग माणसाचे काम संपले का? मुळीच नाही. अमेरिकेतील १९८७ च्या मानकाने रोकडीचे तीन प्रवाह ठरवले : नित्य व्यवहार, गुंतवणूक आणि भांडवल-कर्ज. भारतातील १९९७ च्या सुधारित मानकातही हेच तीन आहेत. आता समजा, आपल्या भांडाराने १००० रुपये कर्ज घेतले आणि नोंद करणाऱ्याने ते चुकून विक्रीत दाखवले. पेटीतली रोकड वहीशी तंतोतंत जुळेल. साधन क्षणार्धात सुबक पत्रक आणून देईल. त्यात भांडाराची नित्य व्यवहारातील रोकड शून्य दिसेल, म्हणजे सगळे ठीकठाक. खरी मात्र ती उणे १००० आहे! चिठ्ठीच चुकीची असेल, तर यंत्र ती चूकही तितक्याच इमानदारीने वाहून आणते.

डाउलेसच्या व्यवस्थापकाला ताळेबंद हातांनी ताडावे लागले. आज ते काम एका कळीवर होते. पण "पैसा गेला कुठे?" हा प्रश्न त्याला आधी पडावा लागला होता. शिक्षकांनी वरील वह्यांचा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. नफा काढून झाला की मुलांना एवढेच विचारावे : "पेटीत किती असतील?" नंतर जो वाद रंगेल, तोच खरा धडा.