ऊब फुकट, गारवा विकत

मोटारीतील ऊब आणि गारवा यांची बटणे आज डॅशबोर्डवर शेजारी शेजारी असली, तरी या दोन सोयी वेगवेगळ्या काळी जन्मल्या आणि त्यांचा हिशेबही वेगळा राहिला. कारण पेट्रोलवरील इंजिन इंधनातील बहुतेक उष्णता चाकांपर्यंत न पोहोचवता धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकते, म्हणजे ऊब ही आयतीच मिळते, तर गारव्यासाठी इंजिनाची ताकद खर्ची घालावी लागते.

या फुकट उबेचा पहिला वापर ओबडधोबड होता. 1929च्या सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये धूर वाहून नेणाऱ्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे आवरण बसवून तेथील हवा आत सोडली जाई, मात्र नळीला चीर गेल्यास विषारी धूरही आत येण्याची भीती असे. पुढे इंजिन थंड राखणारे पाणीच रबरी नळीने आत आणून एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे ‘हीटर कोअर’मधून, फिरवण्याची व त्यावरून पंख्याने हवा सोडण्याची पद्धत रुळली. नॅश कंपनीने 1938 मध्ये बाहेरची हवा गाळून, तापवून आत घेण्याची व्यवस्था केली आणि पुढच्याच वर्षी तिला थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या साधनाची, जोड दिली.

गारव्याची वाट अवघड होती. अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड यांसारखे त्या काळचे शीतकरणाचे वायू विषारी असल्याने ते बंद गाडीत बाळगणे धोक्याचे होते. 1930 मध्ये टॉमस मिजली यांनी फ्रिऑन हा बिनविषारी वायू जगासमोर मांडल्यावरच तो मार्ग मोकळा झाला. (त्याच वायूने वातावरणातील ओझोनचा थर विरतो, हे कळायला 1974 साल उजाडले.) गारव्याच्या यंत्रणेत कॉम्प्रेसर वायू दाबतो, पुढच्या जाळीतील कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रवरूप होतो आणि अरुंद तोंडातून सुटल्यावर ‘कूलिंग कॉइल’मध्ये उकळताना आतल्या हवेची उष्णता शोषतो, तिच्या पातळ पात्यांवर जमणारे दव हे हवेतील बाष्पच होय.

पॅकार्ड कंपनीने 1939 मध्ये ही यंत्रणा 274 डॉलरना विकायला काढली, परंतु कूलिंग कॉइल डिकीत असल्याने सामानाची जागा गेली आणि कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडवणारा क्लचच नसल्याने थंडावा नकोसा झाला की गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढावा लागे. श्रीमंत गिऱ्हाइकाने कोट काढून पट्ट्याशी झटावे, ही अपेक्षाच भाबडी होती. 1941 नंतर ही सोय बंद पडली.

दोन्ही सोयींना पुढे एकत्र नांदवले ते फ्रिज बनवणाऱ्यांनी, आणि यात नवल नाही. 1937 मध्ये केल्व्हिनेटर या फ्रिज कंपनीशी एक झालेल्या नॅशने 1954च्या ‘अँबॅसिडर’ गाडीत सारी यंत्रणा पुढच्या भागात आणून ऊब आणि गारवा एकाच व्यवस्थेतून, 345 डॉलरमध्ये देऊ केला. आजच्या बहुतेक गाड्यांत हवा आधी कूलिंग कॉइलवरून आणि मग झडपेच्या कलानुसार हीटर कोअरवरून जाते. मुंबईच्या पावसात धुरकटलेली काच एसी लावताच निवळते, ती हवा आधी कोरडी होते म्हणून.

मुंबईत फुकट-विकतची ही विभागणी भाड्यातही उतरली: काळ्या-पिवळ्या टॅक्सीत उघड्या काचांचा वारा, तर निळ्या ‘कूल कॅब’ला जादा भाडे. लहान इंजिनाच्या गाड्यांचे चालक घाट चढताना एसी बंद करतात, तो इंजिनाची ताकद वाचवण्याच्या हिशेबाने. आणि चढावर इंजिन फारच तापले, तर भर मे महिन्यातही हीटर पूर्ण सोडण्याचा जुना उपाय मेकॅनिक सांगतात, कारण तेव्हा हीटर कोअर इंजिनाचा दुसरा रेडिएटर होतो आणि त्याची उष्णता प्रवाशांच्या पायांवर उतरते.