वाड्याच्या चौकातून सोसायटीच्या हॉलमध्ये

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचा लाउडस्पीकर कायद्यानं बंद झाला. म्हणजे आपली सोसायटी आणि तो नियम, दोघं एका वयाचे. रौप्यमहोत्सव खरं तर दोघांचाही आहे, फक्त त्याची स्मरणिका कुणी काढत नाही. संपादक मंडळानं पुण्यातल्या गाण्याबजावण्याचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा हा योगायोग आधी डोळ्यांसमोर आला. कारण पुण्याचं गाणं हा मुख्यतः रात्रीचा इतिहास आहे.

आपल्या बी विंगमध्ये धारवाडकडचं एक कुटुंब आहे, ए विंगमध्ये बडोद्याहून आलेले आहेत, सांगली-मिरजेचे तर चार-पाच. कुणी थट्टेनं 'अस्सल पुणेकर कोण?' असं विचारलं की जिन्यात हशा होतो. पण मंडळी, पुण्याच्या गाण्याची यादी काढली तर तिथंही हेच दिसतं. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. भास्करबुवा बखले यांचा जन्म गुजरातेतल्या कठोरचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराण्याचे, नंतर मिरजेत स्थायिक झालेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. हे सगळे आले, गायले, काही इथेच राहिले. पुण्यानं आपल्या बाजूनं काय दिलं? बसायला जागा दिली आणि ऐकणारे दिले. ही काही लहान गोष्ट नाही. गाण्याला गवई लागतो तसा समोर डोलणाराही लागतो. चुकीच्या ठिकाणी डोलणारा नाही, हे जाणकार लगेच जोडतील!

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तोही सुरुवातीच्या चार अंकांचा. तिथून पुढची चाळीस-पन्नास वर्षं नाटक म्हणजे रात्रभर गाणं असा हिशोब होता. 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' पडत आणि नाटक संपून माणसं बाहेर येत तेव्हा दूधवाले फिरू लागलेले असत. बालगंधर्वांची पदं ऐकून घरी जाणारा माणूस तीच पदं गुणगुणत जायचा, त्यामुळे ज्याला तिकीट परवडलं नव्हतं त्यालाही गल्लीत फुकट ऐकायला मिळत. नाटकातल्या चाली रागदारीच्या होत्या. ज्यांनी राग हा शब्द फक्त चिडण्यासाठी वापरला होता, त्यांचे कान नकळत तयार झाले. पुण्याचा श्रोता तयार झाला तो असा, नाट्यगृहाच्या पिटात बसून.

शिकवण्याची सोयही याच काळात झाली. भास्करबुवांचं भारत गायन समाज १९११ चं, आजही चालू आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी काही वर्षं पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचं नाव इथं मुद्दाम घ्यायला हवं. कुलीन बाईनं चारचौघांत गाऊ नये अशा काळात, तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर आणि शांत बसणं. त्यांच्यामुळे घरातल्या बायकांना मैफलीला जायची वाट मोकळी झाली आणि मुलींना गाण्याच्या क्लासला घालणं हे घराण्याचं नाव घालवणं राहिलं नाही. माझ्या मते पुण्याच्या संगीताच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उडी, आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी लिहिलं जातं.

मैफली होत त्या वाड्यांत. दिवाणखान्यात गवई, दारात आणि जिन्यात ऐकणारे, चौकात चपला. गणेशोत्सवात हेच रस्त्यावर यायचं. मंडळाचा मांडव, समोर रस्त्यावर अंथरलेल्या सतरंज्या, आणि नामवंत गवई भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांसमोर गाणार. तिकीट नाही, पास नाही. आवडलं नाही तर उठायचं आणि पुढच्या चौकात दुसरं गाणं चालू असेल तिथं जाऊन बसायचं. त्याच शहरात आर्यभूषण थिएटरात लावणीची ढोलकी वाजत होती आणि तिचा श्रोता निराळा होता, निदान तसं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात दोन्हीकडे जाणारे बरेच असत, फक्त एका ठिकाणचं घरी बोलायचं नाही एवढंच.

१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. त्यांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि शिष्य भीमसेन जोशी यांनी तो उभा केला, आर्य संगीत प्रसारक मंडळानं चालवला. १९५३ हे वर्ष पुणेकरांच्या कानांच्या दृष्टीनं फारच मोलाचं, कारण त्याच साली २ ऑक्टोबरला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. पुढे १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर त्या केंद्रानं गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' ऐकवलं. ज्यांच्या घरी रेडिओ त्यांच्या ओट्यावर गल्ली जमायची, हे आपल्यातल्या आजी-आजोबांना विचारा.

सवाईच्या रात्रींबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तिशीच्या आतल्या रहिवाशांनी त्या पाहिलेल्याच नाहीत. डिसेंबरची थंडी. मांडव, खाली भारतीय बैठक. स्वेटर, मफलर, कानटोपी, एक घोंगडी दोघांत, थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीचे रोल किंवा दशम्या. लहान मुलं बारा वाजेपर्यंत जागी आणि मग आईच्या मांडीवर झोपलेली. रात्री दोनच्या सुमाराला मागच्या बाजूला बटाटेवड्याच्या स्टॉलपाशी गर्दी, आणि तिथेही आधीच्या गायकाच्या तानांवर वाद. तिसऱ्या प्रहरी पेंग येणारच. पण नेमकं त्याच वेळी कुणीतरी असा षड्ज लावायचं की अर्धा मांडव सरळ होऊन बसे. शेवटच्या दिवशी उजाडताना भीमसेनजी गायचे. आमंत्रणापासून कलाकाराच्या चहापर्यंत सगळं त्यांनी स्वतः पाहिलेलं असायचं आणि तरी गळा तसाच. अखेरीस सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतली भैरवी लागायची आणि हजारो माणसं डोळे चोळत नव्हे, पुसत बाहेर पडायची. पहिली पीएमटी पकडून घर, आणि तसंच ऑफिस.

या रात्रीमुळे एक गोष्ट शक्य होती जी दुसऱ्या कशानं होत नाही. आपल्या रागांना वेळ असते. मालकंस, दरबारी उत्तररात्रीकडे झुकणारे, ललित पहाटेचा, भटियार त्यानंतरचा. रात्रभर बसलं की घड्याळ न बघता प्रहर कळायचे.

शहर मात्र पेठांतून केव्हाच बाहेर पडू लागलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उरलेले वाडेही एकेक करून बिल्डरकडे गेले. बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला, म्हणजे बालगंधर्वांच्या वाढदिवशी सुरू झालं. कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये बसली होती, पण उद्घाटन पाहायला ते राहिले नाहीत. आदल्याच जुलैत गेले. आज त्या वास्तूच्या पुनर्विकासावर वाद चालू आहेत. काहीही होवो, गोपाळ देऊसकरांची ती दोन तैलचित्रं जपून ठेवा एवढंच म्हणणं.

वाडे गेले तसा दिवाणखानाही गेला. फ्लॅटमध्ये त्या जागी जी खोली आली तिला आपण 'हॉल' म्हणतो. बारा बाय पंधराचा हॉल! त्यात सोफा, टीव्ही आणि शोकेस ठेवल्यावर गवई आणि तबलजी बसतील, ऐकणारे लिफ्टमध्ये.

आणि मग २००० चा नियम. कडक अंमलबजावणी व्हायला थोडी वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल १८ जुलै २००५ चा. संगीतप्रेमींनी त्याला पुष्कळ नावं ठेवली. पण त्या खटल्याचं मूळ वाचलं की तोंड बंद होतं: एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत होता आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. हा नियम हवाच होता. खंत एवढीच की दंगा डीजेच्या भिंतींनी केला आणि दंड तंबोऱ्यानं भरला. डीजेवाले आजही दहापर्यंत भिंती हलवतात. मालकंस मात्र आता रात्री नऊलाच उरकावा लागतो.

राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस, पंधरापेक्षा जास्त नाही, रात्री बारापर्यंत परवानगी देता येते. सवाईला एखाद्या दिवशी ती मिळते. बाकी महोत्सव दिवसाकडे सरकला, दिवस वाढले, सत्रं दुपारी तीनच्या सुमाराला सुरू होऊ लागली. यात एक फायदाही झाला आणि तो मान्य केला पाहिजे. भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे दुपारचे राग पूर्वी रात्रीच्या महोत्सवात कुणाच्या वाट्याला येत? आता ते त्यांच्या वेळेला, उन्हं कलताना ऐकायला मिळतात. २०१८ पासून महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. आपल्या कोथरूडकरांनी आधी कपाळाला हात लावला, पण आता वनाजला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची, स्वारगेटला उतरून रिक्षा. दहाला संपतं म्हणून परतीची मेट्रोही मिळते. ज्येष्ठ नागरिक संघातले आठ-दहा जण दर वर्षी असेच जातात. रात्रभराची मैफल असती तर त्यातले निम्मे घरीच बसले असते.

'दिवाळी पहाट'चं गणित तर आणखी मजेचं. नियमानं सकाळ सहाला होते. पण दिवाळीच्या दिवसांत पुण्यात सूर्य उगवतो साडेसहानंतर. म्हणजे कायदा आणि सूर्य यांच्यामध्ये अर्धा तास शिल्लक राहतो, आणि तेवढाच ललितचा! निवेदकानं सत्काराची यादी मध्ये आणली नाही तर तो पुरतो.

आता आपल्या हॉलविषयी. क्लब हाउसचा हॉल चाळीस बाय पंचवीसचा आहे, सतरंज्या घातल्या तर शंभर-सव्वाशे माणसं बसतात. नियमानं बंद जागेला रात्री दहानंतरही सूट आहे, आवाज बाहेर जाऊ नये एवढी अट. उघड्या गच्चीवर मात्र दहानंतर पेटीसुद्धा चालत नाही, २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. म्हणूनच कोजागिरीला आपण गच्चीवर मसाला दूध पितो, चंद्र बघतो आणि दहाला सगळे पेल्यांसकट खाली हॉलमध्ये उतरतो. गेली सहा वर्षं तिथं विनामाईक बैठक होते. पहिल्या वर्षी सतरा माणसं होती, त्यातली पाच गाणाऱ्यांच्या घरची. गेल्या वर्षी सतरंज्या कमी पडल्या. माइक नसल्यामुळे एक गंमत झाली: लोक आपोआप पुढे सरकून बसू लागले आणि मोबाइल वाजला तर ज्याचा वाजला तोच लाजतो. आपल्याच इमारतीतल्या तीन मुली गातात, एक मुलगा गिटार घेऊन येतो आणि त्याचंही ऐकलं जातं. जुन्या मंडळींना त्याची गाणी कळतातच असं नाही. त्याला तरी दरबारी कुठे कळतो? पण तो बसतो.

गेल्या वार्षिक सभेत हा हॉल व्यायामशाळेला द्यावा असा ठराव आला होता. मांडणारे तरुण आहेत, त्यांची गरज खरी आहे, आणि ट्रेडमिलही कुठेतरी ठेवायलाच हवी. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. मी विरोधात मत देणार आहे, हे इथं उघड लिहून ठेवतो. गाडीतळाशेजारची रिकामी खोली व्यायामशाळेला चालेल असा पर्यायही लेखी दिला आहे. वाडे पाडले गेले तेव्हा दिवाणखान्याचं काय होणार, हे विचारायला सभाच नव्हती. आपल्याकडे आहे, आणि तिला गणसंख्या लागते.

तोपर्यंत यंदाची कोजागिरीची बैठक ठरल्याप्रमाणे आहे. तंबोरे लावायला गाणारी मंडळी साडेआठलाच हॉलमध्ये येतील, तेव्हा त्या अर्ध्या तासात तरी मुलांनी तिथं टेबल टेनिस खेळू नये. सतरंज्या सी विंगच्या माळ्यावर आहेत. दूध कुणाच्या घरी आटवायचं ते फलकावर लावलेलं आहे.