आधी प्राण, मग पंचनामा

रस्त्यावर एखादा माणूस जखमी होऊन पडला आणि भोवती गर्दी जमली, की त्या गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘हात लावू नका, पोलीस-केस आहे.’ बोलणारा मनाने वाईट असतो असे नव्हे. त्याच्या बोलण्यात काळजी असते, अनुभव असतो, आणि आपण कायद्यास धरून बोलत आहोत असा दृढ विश्वासही असतो. ऐकणारे माना डोलावतात. पोलीस येईपर्यंत थांबले जाते आणि तेवढ्यात कित्येकदा माणूस जातो.

पंचनाम्यावाचून जखमीस हात लावू नये किंवा त्याच्यावर उपचार करू नयेत, असे सांगणारा कायदा या देशात नाही, आणि पूर्वीही नव्हता. नसलेल्या कायद्याचा हा धाक आला कोठून, तो उतरविण्यासाठी न्यायालयांनी आणि संसदेने काय केले, आणि तरीही तो का टिकून आहे, याचा थोडक्यात इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ आपल्या कोकणातूनच करणे योग्य होईल. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरनजीकच्या पालशेत येथे समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणास अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात वैद्यकीय सोय बेताची होती. फळ्या बांधून पाय स्थिर केला गेला, आणि शेवटी मोटारीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून मुलास पुण्यास नेण्यात आले. पुण्याच्या इस्पितळात हाड बसविताना पुरेशी भूल न देता जोर लावण्यात आला, असा बापाचा आरोप होता. मुलगा ९ मे रोजी रात्री वारला. बापाने दावा केला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली.

वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यांत या निवाड्याचा दाखला अद्यापही दिला जातो. डॉक्टरने सावधपणे पार पाडावयाची तीन कर्तव्ये न्यायालयाने त्यात सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविणे, कोणता उपचार करावा हे ठरविणे, आणि तो उपचार प्रत्यक्ष करणे. यातील पहिल्या कर्तव्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. रोगी घ्यावा की न घ्यावा, हा निर्णय डॉक्टरचा आहे, असे त्यात गृहीत होते. एकदा दार उघडल्यावर आत काय घडावे याची चिकित्सा कायद्याने केली होती. ज्याला दारच उघडले नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता.

तो प्रश्न दोन दशकांनी आला. एका स्कूटरस्वारास भरधाव मोटारीने ठोकरले. पाहणाऱ्या एका माणसाने त्याला उचलून जवळच्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले की, अशी प्रकरणे घेण्याचा अधिकार येथे नाही, वीस किलोमीटरवरील दुसऱ्या इस्पितळास आहे, तेथे न्या. तेथे पोहोचण्यापूर्वीच जखमीने प्राण सोडला. एका इंग्रजी दैनिकात आलेली ही हकीकत घेऊन पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आणि न्यायमूर्ती ओझा यांनी निकाल दिला.

या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे प्रतिवादींची उत्तरे. केंद्र सरकार, भारतीय वैद्यक परिषद, डॉक्टरांची संघटना या सर्वांनी न्यायालयास सांगितले की, जखमीवर उपचार करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पोलिसांना वर्दी द्यावी आणि उपचार त्यासाठी थांबवू नयेत, असे आरोग्य खात्याच्या १९८६ सालच्या एका बैठकीत ठरलेही होते. म्हणजे दिल्लीत सर्वांना ठाऊक होते, आणि इस्पितळाच्या दारात कोणालाच ठाऊक नव्हते! न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीविताचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर प्राणरक्षणासाठी आपले ज्ञान वेचण्याचे बंधन आहे. आणि कार्यपद्धतीचा कोणताही नियम त्याच्या आड येऊ शकत नाही. आधी प्राण, मग पंचनामा, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. त्याच्या प्रती देशातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास पाठवाव्यात आणि आकाशवाणी व दूरदर्शनवरून त्याला प्रसिद्धी द्यावी, असेही न्यायालयाने फर्माविले. नवा कायदा करण्याइतकेच, जुना गैरसमज पुसणे न्यायालयाला निकडीचे वाटले होते.

डॉक्टर का कचरत होते, याचीही दखल त्या निकालात आहे. ज्याने जखमी तपासला त्याला पुढे साक्षीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. म्हणून पोलिसांनी, वकिलांनी आणि न्यायालयांनी डॉक्टरांना विनाकारण खोळंबून ठेवू नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली. पुढे १९९४ साली मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमात दुरुस्ती होऊन, औपचारिकतेची वाट न पाहता जखमीस तात्काळ उपचार देणे हे डॉक्टरांचे वैधानिक कर्तव्य झाले.

दार उघडले, पण आत जागा आहे काय? ८ जुलै १९९२ रोजी बंगालमधील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्यास जबर मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेथील आरोग्य केंद्रात सोय नव्हती. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी इस्पितळांत त्याला फिरविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे तज्ज्ञ नव्हते. अखेर एका खाजगी इस्पितळाने त्याला घेतले आणि तो वाचला. खर्च सुमारे १७,००० रुपये झाला. त्याच्या संघटनेच्या याचिकेवर ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि पैसा नाही ही सबब जीवितरक्षणाच्या कर्तव्यापुढे सरकारला सांगता येणार नाही असे ठरविले. कोणत्या इस्पितळात खाट मोकळी आहे हे कळण्याची मध्यवर्ती सोय आणि साधनांनी व माणसांनी सज्ज रुग्णवाहिका यांचीही अपेक्षा त्या निकालात आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हैदराबादेस १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली, गोव्यात ती २००८ साली आली आणि महाराष्ट्रात २०१४ साली.

असो. डॉक्टर झाला, इस्पितळ झाले. राहिला तो रस्त्यावरचा माणूस, ज्याच्या हातात पहिला क्षण असतो. त्याच्याविषयी लिहिताना मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एका अपघात-खटल्यात मी आरोपीच्या बाजूने उभा होतो. जखमीस आपल्या टेंपोतून इस्पितळात नेणारा एक भाजीविक्रेता साक्षीस आला होता. ही त्याची चौथी खेप. आधीच्या तीन तारखांना साक्ष झालीच नव्हती, आणि त्यांतील दोन तहकुब्या मी मागितल्या होत्या. उलटतपासात मी त्याला विचारले, ‘तुमचा कोणी नातलग नव्हता, मग तुम्ही थांबलात कशाला?’ तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘चूक झाली, वकीलसाहेब.’ माझ्या अशिलाच्या दृष्टीने ते उत्तर निरुपयोगी होते. माझ्या मनातून मात्र ते आजतागायत गेलेले नाही. ‘हात लावू नका’ हे वाक्य कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसताना जनतेच्या तोंडी कसे बसले, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ते माझ्यासारख्यांनीच शिकविले होते.

या माणसाकडे कायद्याचे लक्ष जाण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ३० मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. जखमीस इस्पितळात पोहोचविणाऱ्याला तेथून लगेच जाता येते. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. भरतीचे पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत. आणि आपण प्रत्यक्षदर्शी आहोत असे त्याने आपणहून सांगितले, तर पोलिसांनी त्याची जबानी एकदाच घ्यावयाची. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, अशी हमी त्यात आहे. त्याच दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाची व्याख्या कायद्यात आली आणि त्या तासातील विनारोकड उपचारांची योजना करण्याचे दायित्व केंद्रावर पडले. योजना मात्र रेंगाळली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सरकारला मुदत घालून दिली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती जारी झाली. तिच्यान्वये जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड मिळावयाचे आहेत.

इतके होऊनही कायद्याचे वस्त्र तोकडेच आहे. १३४-अ कलम आणि ही योजना, दोन्ही मोटार-अपघातापुरती आहेत. माडावरून पडलेला पाडेली, जत्रेच्या गर्दीत छातीत कळ येऊन कोसळलेला वृद्ध, वाटेत वेणा सुरू झालेली स्त्री यांना उचलणाऱ्यास त्या कलमाचे छत्र नाही. विधि आयोगाने २००६ साली आपल्या २०१व्या अहवालात या सर्वांसाठी एका कायद्याचा मसुदा सुचविला होता; तसा सर्वंकष केंद्रीय कायदा अद्याप झालेला नाही. गुजरातने २००७ साली, कर्नाटकाने २०१६ साली आणि राजस्थानने २०२३ साली या दिशेने आपापले कायदे केले. म्हणजे वडोदऱ्याचा, बेळगावचा आणि गोव्याचा मराठी माणूस एकाच दुखण्याने रस्त्यावर पडला, तरी त्याच्यासाठी कायद्याचे पुस्तक निरनिराळे उघडावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अपघातात गुंतलेला वाहनचालक सोडला, तर रस्त्याने जाणाऱ्या त्रयस्थावर मदतीची सक्ती आपला कायदा करीत नाही. मदत करणाऱ्यास तो फक्त अभय देतो. एकट्या २०२२ सालात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांच्यापैकी एखाद्याजवळून जाताना थांबावे की न थांबावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. येथे विधीची हद्द संपते आणि धर्माची सुरू होते. वाटसरूसाठी पाणपोई घालणारी, यात्रेकरूंसाठी अग्रशाळा बांधणारी आपली देवस्थाने ही हद्द पिढ्यान्पिढ्या ओळखून आहेत.

म्हणून देवस्थान समित्यांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. जत्रेच्या दिवसांत वाहनांची आणि माणसांची दाटी होते. देवळाच्या आवारात पूजेच्या दरांचा फलक असतो, त्याशेजारी आणखी एक फलक लावावा: ‘जखमी माणसास आधी इस्पितळात न्या. पोलीस येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. इस्पितळ आपल्याकडे पैसे मागू शकत नाही. रुग्णवाहिकेसाठी क्रमांक १०८.’ फलकास खर्च थोडा येईल. आपल्या गावचे वकील त्यातील मजकूर तपासून देतील, आणि त्याबद्दल त्यांनी फी घेऊ नये. आम्हां वकिलांकडे त्या भाजीविक्रेत्यासारख्या पुष्कळ माणसांचे जुने देणे बाकी आहे.