तळपायाची आग आणि काशाची वाटी

राग आला की मराठी माणसाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. तळव्यापासून टाळूपर्यंत सरळ वाट आहे, हे भाषेनं कधीच ठरवून टाकलंय. चैत्रातल्या उन्हात जोतिबाचा डोंगर उतरून कोल्हापुरात परतलेल्याला ही वाट वेगळी दाखवावी लागत नाही. घरी पोचल्यावर पाय धुवायचे, तळव्यांना तूप किंवा खोबरेल चोळायचं आणि काशाची वाटी गोल गोल फिरवायची. उष्णता उतरते, डोळे निवतात, झोप लागते, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात.

या चोळण्याचं कूळ जुनं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण दिलेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, बधिरता आणि थकवा जातो, नजर निवळते. वाग्भटानं अष्टांगहृदयात रोजचं तेल डोकं, कान आणि पाय यांना आवर्जून लावायला सांगितलं. मात्र तिथं तेल आहे, वाटी नाही. वाटी स्वयंपाकघरातली. कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. अशी वाटी हाताला जड लागते, बुडाला गुळगुळीत असते आणि तळव्याच्या खोलगट भागात नेमकी बसते.

कोल्हापुरात अंग चोळून घेणं हा काही ऐषाराम नाही. हे कुस्तीचं गाव; इथलं खासबाग मैदान 1912 साली उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींत मेहनतीनंतर मालीश ही रोजचीच बाब. धाकट्या पैलवानानं थोरल्याचं अंग रगडायचं, हीसुद्धा तालमीतली एक शिकवणच.

तळव्याचे ठराविक बिंदू दाबून साऱ्या शरीरावर उपचार करू पाहणाऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीचं घराणं वेगळं, आणि वयानं बरंच लहान. विल्यम फिट्झजेराल्ड हे अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर. शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून त्यांनी 1917 मध्ये ‘झोन थेरपी’ पुस्तकरूपानं मांडली. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी साऱ्या शरीराचा नकाशा तळव्यावर उतरवला. त्यांचं पुस्तक 1938 चं. अंगठ्यात डोकं, मधल्या कमानीत मूत्रपिंड दाखवणारे रंगीत तक्ते तिथून निघाले. आता काशाची फिरती थाळी लावलेल्या, तळवे चोळणाऱ्या यंत्राशेजारी हाच तक्ता टांगलेला दिसतो आणि दोन्ही मिळून ‘प्राचीन’ म्हणून खपतात. वाटीला या तक्त्याची गरज कधीच नव्हती.

तक्त्याची परीक्षाही झाली आहे. संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये 18 चाचण्या तपासल्या. रिफ्लेक्सॉलॉजीनं एखादा आजार बरा होतो, असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाटीचंही एक गुपित सांगायला हवं. घासता घासता तळवा काळा पडतो, त्याला ‘उष्णता बाहेर आली’ म्हणतात. खरं तर तुपातल्या आणि घामातल्या आम्लांची तांब्याशी रासायनिक क्रिया होऊन तो काळपटपणा येतो. वाटी कुणाच्याही पायावर घासली तरी तो येणारच!

म्हणून वाटी माळ्यावर टाकायचं कारण नाही. दिवसभर उभं राहून आंबलेल्या पायांना चोळलं की बरं वाटतं, तेवढं पुरे. दहा मिनिटं हलक्या हातानं फिरवावी. तळव्याला जखम किंवा भेग असेल, मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. आणि चोळून झाल्यावर तेलकट पाय नीट पुसावेत, मगच फरशीवर उतरावं.