पोकळी
आतून रिकामी जागा. इंग्रजीतील ‘व्हॉइड’चा जवळचा प्रतिशब्द. कायद्यात मात्र ‘व्हॉइड’चे मराठी ‘शून्य’ होते, जसे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ११ मधील शून्य विवाह. पुढारी वारला की वर्तमानपत्रांत पोकळी निर्माण होते. ती बहुधा कधीही न भरून येणारी असते. पोकळीचे खरे मोल मिरजेच्या सतारमेकरांना ठाऊक. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेला कडू भोपळा वाळवून, कापून, आतला गर व बिया काढून ते तंबोऱ्याला जोडतात. तारांचा क्षीण कंप या रिकामेपणात घुमून भरदार होतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परीक्षेतला ‘भोपळा’ मात्र शून्यच.