कॅमेलिया

ऐन हिवाळ्यात फुलणारे, चहाच्या वंशातील सदाहरित शोभिवंत झुडूप (→ चहा, थीएसी).

मूळस्थान जपान, चीन व कोरिया. मोरेव्हियाचे जेझुइट वनस्पतिअभ्यासक गेओर्ग कामेल यांचे नाव लिनीअसने 1753 मध्ये या वंशाला दिले.

पाने जाड, चकचकीत. जॅपोनिका जातीचे फूल अखंड गळते, सासांक्वाची मात्र पाकळी-पाकळी विखुरते. ओळखीची ही खूण सोपी आहे.

लागवडीत खरी अडचण चुन्याची. माती आम्लधर्मी (सामू 5.5–6.5), निचऱ्याची हवी, चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात (→ हरितरोग). तेथे कुंडी बरी, तीही पावसाच्या पाण्यावर. जागा अर्धसावलीची असावी, पण पूर्वेकडची नको: गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन पडले की त्या काळवंडतात. पुढच्या हंगामाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. तेव्हा पाण्याचा ताण पडल्यास त्या न उमलताच झडतात. छाटणी फुले संपताच करतात. अभिवृद्धी छाट कलमाने (→ कलमे).

बियांचे तेल जपानमध्ये केसांसाठी वापरतात. ड्रेस्डेनजवळच्या पिल्निट्स राजवाड्याच्या बागेतील 1801 मध्ये लावलेल्या झाडावर थंडीत रुळांवरून सरकणारे काचघर आणून ठेवतात.